यादीतलं शेवटचं घर

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मंडळीची मी खजिनदार आहे. शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी वार्षिक सभेत माझं नाव पंच कमिटीसाठी सुचवलं गेलं आणि मंडळीने मला निवडून दिलं. तेव्हापासून उपासनेच्या मागची बाजू मला जवळून पाहायला मिळाली. रविवारी सकाळी घंटा होते, सतरंज्या अंथरलेल्या असतात, गायनाला तबला-पेटी तयार असते, प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरं स्वच्छ कापड असतं. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी हातून आदल्या दिवशी झालेली असते, आणि ते हातही देवाचीच सेवा करत असतात.

आमच्या भागात ही रीत जुनी आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं. त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या ज्या परंपरेत वाढल्या, तिच्यात कारभार सभासदांनी मिळून चालवायचा असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. वर बिशपची व्यवस्था आली, तरी पाळकसाहेबांच्या शेजारी मंडळीने निवडलेले पंच बसतात, हे टिकलं.

पण व्यवस्था कागदावर असली तरी कामं हळूहळू दोन-तीन घरांकडेच जमा होतात. आमच्याकडेही तसंच झालं होतं. चाव्या, अर्पणाची मोजदाद, आजाऱ्यांच्या भेटी, कापणीच्या सणाला आलेल्या बाजरीचा आणि कोंबड्यांचा लिलाव, सारं ठरावीक माणसंच करायची. ती मनापासून राबायची, त्यांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढे त्यांतल्या एका काकांना दुखणं आलं, दुसरे मुलाकडे पुण्याला गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या डोक्यातली यादीही गेली. कुठल्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या घरी भेट द्यायची राहिलीय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या काळात मी वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींना भेटायला गेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं दूर, गुडघ्यांमुळे चालणं बंद. चहा झाला, प्रार्थना झाली. निघताना त्या म्हणाल्या, "बाई, देवळाची घंटा दर रविवारी ऐकू येते. माणूस मात्र येत नाही." शेवटचं प्रभुभोजन कधी घेतलं, तेही त्यांना आठवत नव्हतं.

पुढच्या कमिटीत मी हे सांगितलं. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचला. यरुशलेमेतली पहिली मंडळी वाढत होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली, ती चांगल्या नावाची, आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली असावीत एवढी अट घातली, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि स्वतः प्रार्थना व वचनाच्या सेवेत राहिले. पाळकसाहेबांनी आमचं लक्ष नावांकडे वेधलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. आणि ताटं वाढण्याच्या कामासाठी नेमलेला स्तेफनच पुढे ख्रिस्तासाठी प्राण देणारा पहिला साक्षी ठरला. वाढप्याचं काम हलकं आणि वचनाचं काम मोठं, असं त्या मंडळीने मानलं नाही.

त्या बैठकीत आम्ही सगळ्या घरांची यादी करायला घेतली. सेक्रेटरी काकांची नोकरी पोस्टात झालेली, त्यांना गल्लीन् गल्ली पाठ. गल्लीनुसार गट पाडले आणि प्रत्येक गट एका पंचाकडे व एका तरुणाकडे दिला. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक दारात जायचं आणि वहीत नोंद करायची. ज्यांना चर्चला येववत नाही त्यांची नावं पाळकसाहेबांकडे जातात आणि प्रभुभोजनाच्या रविवारी दुपारी ते एका सभासदाला सोबत घेऊन त्या घरांत जातात. अर्पण उपासनेनंतर तिथेच, एका घरातले नसलेले दोघं मिळून मोजतात, दोघंही सही करतात आणि मी सोमवारी बँकेत भरते. पैसा मंडळीचा आहे, तो उजेडात मोजला गेला की कुणाच्या मनात किंतू राहत नाही आणि मोजणाऱ्याच्या नावालाही धक्का लागत नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. वर्षानुवर्षं चाव्या सांभाळणाऱ्या एका मावशींना वाटलं, आपल्यावरचा विश्वास उडाला. पाळकसाहेब आणि मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. त्यांनीच दोन मुलींना प्रभुभोजनाची तयारी शिकवावी, अशी विनंती केली. कापड कसं धुवायचं, छोटे पेले कसे पुसायचे, भाकर कधी आणायची, हे सारं त्यांनी आनंदाने शिकवलं. आज त्या मुली हे काम करतात आणि मावशी पहिल्या बाकावर निवांत बसून प्रार्थना करतात.

टोकाच्या आजींनाही आम्ही काम दिलं. आजाऱ्यांची नावं दर आठवड्याला त्यांना पोचवायची आणि त्यांनी रोज एकेकासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. ज्यांना आम्ही भेट द्यायला जायचो, त्या आता आम्हालाच विचारू लागल्या, "त्या तापाच्या पोराचं काय झालं?"

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि चर्चचं दार बंद झालं. पण यादी होती, गट होते, फोन नंबर होते. ज्याच्या-त्याच्या गटातल्या घरी ज्याने-त्याने फोन केले. कुणाची मजुरी बुडाली, कुणाची औषधं संपली, हे लगेच कळलं. तांदूळ, डाळ, तेलाच्या पिशव्या परवानगी असलेल्या वेळेत तरुणांनी पोचवल्या, शेजारच्या ज्या घरांत चूल पेटत नव्हती तिथेही, धर्म न विचारता. दर गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण मनन सांगतात. त्या वर्षी १० एप्रिलला सातही जणांनी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. ज्यांच्याकडे साधा फोन होता, त्यांना गटप्रमुखांनी फोन करून ते ऐकवलं. आजींच्या घरीही त्या दिवशी माणसाचा आवाज पोचला.

व्यवस्थेमुळे आत्म्याचं काम थंडावतं, असं काही विश्वासू माणसं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. प्रेम उत्स्फूर्त असलं की ते ओळखीच्या दारापर्यंत जातं. जे घर आपल्याला आठवत नाही, जो माणूस तक्रार करत नाही, त्याच्यापर्यंत पोचायला नेमून दिलेली पाळी लागते आणि ती पाळी न चुकवणारी माणसं लागतात. वही नीट ठेवणं हा माझ्या भक्तीचाच भाग आहे, हे मी मनापासून सांगते.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना विनंती आहे. तुमच्या मंडळीत सगळा भार दोन-चार खांद्यांवर असेल, तर येत्या बैठकीत घरांची यादी मांडा आणि कामं वाटून घ्या. तुमच्या वाट्याला सतरंजी झटकायचं काम आलं तरी ते प्रभूचं म्हणून करा. आणि यादी वाचताना शेवटच्या नावापासून सुरुवात करा.