पहाटेच्या वाऱ्यासाठी नांगर

दाभोळहून सकाळी शीड चढवलं तेव्हाच संध्याकाळी नांगर कुठे पडणार हे ठरलेलं होतं. जयगड. शिडाच्या बोटीवर मुक्कामाचा निर्णय सकाळीच घ्यावा लागतो. दाभोळ ते जयगड सतरा-अठरा सागरी मैल. आमची ३० फुटी बोट चांगल्या वाऱ्यात ताशी ५ मैल चालते, पण कोकणात हिवाळ्यात दुपारच्या आधी वारा हमखास पडतो आणि शीड लोंबत राहतं. जानेवारीत सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. अनोळखी खाडीत अंधारात शिरायचं नाही, एवढं एक पक्कं केलं की बाकीचं गणित तिथून उलटं मांडत यायचं. खडक निदान नकाशावर असतात. डोल जाळ्यांच्या बोया कुठल्याच नकाशावर नसतात, आणि त्यातली एखादी दोरी पंख्यात गुंतली की इंजिन गेलंच.

दुपारी दोननंतर वायव्येचा खारा वारा असा काही भरला की माझ्या मित्राला रत्नागिरी दिसू लागली. "असा वारा सोडायचा? थेट मिऱ्या डोंगराच्या मागे जाऊ." जयगडपासून रत्नागिरी आणखी २० मैल. हाच वारा टिकला असता तरी पोचायला रात्रीचे नऊ झाले असते. मधे गणपतीपुळ्याचा लांबसडक किनारा आहे. पाहायला सुंदर, पण पश्चिमेला सताड उघडा. रात्री काही बिनसलं तर शिरायला जागा नाही. मी नाही म्हटलं. तो थोडा नाराज झाला, पण सुकाणू जयगडकडेच राहिलं.

आडोसा कशापासून हवा, हा खरा प्रश्न. हर्णैचे एक म्हातारे तांडेल मला सांगायचे, "नांगर सोडताना आत्ताचा वारा बघू नको. पहाटे तीनला कुठनं येणार ते सांग, मग सोड." कोकणच्या किनाऱ्यावर याचं उत्तर हिवाळ्यात बहुधा ठाऊक असतं. दुपारचा खारा वारा सूर्यास्तानंतर मंदावतो, जमीन निवत जाते आणि उत्तररात्री मतलई सुटते, पूर्वेकडून, खाडीच्या पोटातून समुद्राकडे. म्हणजे संध्याकाळी ज्या बाजूने बोटीला धोका, पहाटे नेमका त्याच्या उलट बाजूने. एकाच मुक्कामात दोन्ही भागवायचे.

आम्ही शास्त्री नदीच्या मुखाशी आलो तेव्हा पाणी उतरत होतं. बाहेर येणारा ओघ आणि आत ढकलणारा वारा समोरासमोर भिडल्यामुळे तोंडावर आखूड, उभ्या लाटा माजल्या होत्या. शीड उतरवून इंजिनवर आत शिरलो. दक्षिण अंगाला किल्ल्याचं टोक ओलांडलं की पाणी एकदम शांत वाटतं आणि इथेच थांबावंसं वाटतं. पण वारा अडला म्हणजे लाट अडली असं नाही. लाट टोकाला वळसा घालून मागे येते. मी अशा वेळी पाण्याकडे न बघता काठाकडे बघतो. खडकांच्या पायाशी पांढरी रेघ उठते आणि विरते आहे तोवर लाट तिथे पोचते आहे, आणि रात्रभर बोट हेलकावणार. फेरीबोटीची वाट सोडून आम्ही आत सरकत राहिलो. ती रेघ पुसली गेली तिथे वेग कमी केला.

त्या दिवशी पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब मुंबईच्या पाण्याला बराच जुळतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. जयगडला त्याच्या थोडी आधी. म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी, आणि उधाणाचे दिवस. आम्हाला ते सोयीचं होतं, कारण जी खडपं उघडी पडायची ती डोळ्यांसमोर होती आणि यंत्रावर दिसणारी ४ मीटर खोली ही रात्रीतली जवळपास सर्वांत कमी खोली होती. मध्यरात्रीपर्यंत पाणी अडीच मीटर चढणार, नाळ पाण्यापासून १ मीटर उंच, एकूण साडेसात. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे जवळपास ४० मीटर. दिसणाऱ्या खोलीवर भागवलं असतं तर २५ मीटरवर थांबलो असतो, आणि ऐन भरतीला साखळी जास्त उभी होऊन नांगर सुटायचा धोका वाढला असता. साखळी आडवी ओढली गेली तरच नांगराचं पातं चिखलात रुततं.

नांगर टाकायच्या बेतात होतो तेवढ्यात एक होडीवाले काका जवळून गेले आणि हात हलवून म्हणाले, "ओ भाऊ, रातच्याला हितनं ट्रॉलर जातात. त्या अंगाला घ्या जरा." आम्ही घेतलं. ही माहिती डेहराडूनहून छापून येणाऱ्या नौदलाच्या नकाशात मिळत नाही.

नांगर तळाला लागल्यावर इंजिन उलटं चालवून ओढून पाहिला. किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागचा मोबाइल टॉवर एका रेषेत होते, ते हलले नाहीत. डोलकाठीवर पांढरा दिवा लावला.

रात्री साडेबाराला मी मुद्दाम उठलो. भरती संपून पाणी पालटत होतं. पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली बोट हळूहळू पूर्ण फिरली, साखळी तळावर खरडल्याचा आवाज नाळेतून आला आणि थोड्या वेळाने मतलईची पहिली गार झुळूक. आता ओघ आणि वारा दोन्ही बोटीला समुद्राकडे ओढत होते. नांगराची खरी परीक्षा ही, संध्याकाळची नव्हे. तो नव्या दिशेने पुन्हा रुतला की नाही, हे बुरूज आणि टॉवर यांच्यातलं नवं अंतर चांदण्यात बदलतं का ते बघून ताडून पाहिलं, अर्धा तास. मग झोपलो.

या किनाऱ्यावर फिरताना एक गोष्ट मला फार थोर वाटते. गोपाळगड, जयगड, विजयदुर्ग, देवगड ही नावं ओळीने घेतली की चांगल्या मुक्कामांची यादी तयार होते. ज्यांनी हे किल्ले बांधले, वाढवले, त्यांना गलबतं कुठे सुखरूप राहतात हे आपल्याहून अधिक कळत होतं. त्यातही विजयदुर्गाला तोड नाही. वाघोटण खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नाही, किल्ल्याच्या आड नैर्ऋत्येचा वाराही अडतो. आंग्र्यांचं आरमार तिथे वसत होतं ते उगाच नव्हे, आणि १७५६ साली इंग्रजांनी ते जाळलं तेही तिथेच, खाडीत घुसून.

तुम्ही मुंबईहून गोव्याकडे शिडाने जाणार असाल तर जयगड ते विजयदुर्ग हा ४५ मैलांचा टप्पा एका दिवसात उरकायचा मोह धरू नका, मधे रत्नागिरीत थांबा. आणि कुठेही नांगर सोडण्याआधी जवळून जाणाऱ्या पहिल्या होडीला हाक मारून विचारा, रात्री इथून काय काय जातं.