लवणारी पोटरी

शाळेच्या स्मरणिकेत बहुधा वसतिगृहाच्या आठवणी येतात. मी मात्र गेली अकरा वर्षे माझ्या सोबतीला असलेल्या एका व्याधीविषयी लिहीत आहे. तिला व्याधी म्हणावे की नाही, हाही प्रश्नच आहे.

माझ्या अंगातले स्नायू आपोआप उडतात. पोटरीत सर्वाधिक, कधी मांडीत, दंडात, पापणीत. वेदना नाही, केवळ कातडीखाली काहीतरी वळवळल्याचा भास. स्वस्थ बसले की जाणवते, चालू लागले की थांबते. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळ्या करीत असताना, अपुरी झोप आणि लागोपाठचा चहा यांवर दिवस ढकलीत असताना हे सुरू झाले.

उजवा डोळा लवला तर पुरुषाला शुभ, डावा लवला तर अशुभ, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले. १९५६ साली दीक्षाभूमीवर जुने सारे सोडून आलेल्या घरातही हा एक शकुन मागे राहिला होता! पोटरीचा शकुन मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

खरी भीती निराळीच होती. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी जो चेताकोशांचा आजार जडल्याचे निदान झाले, त्यातही स्नायू असेच उडतात, हे मी वाचले होते. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. रात्री ती झोपली की मी माझ्या पोटरीकडे पाहत बसे.

अखेर नागपुरात धंतोलीतील एका मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी मला पंजांवर आणि टाचांवर चालायला लावले, मुठीचे बळ पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, सुई टोचून स्नायूंचा विद्युत आलेखही काढला. “बळ शाबूत आहे, स्नायू आटलेले नाहीत,” ते म्हणाले. या प्रकाराला ‘बिनाइन फॅसिक्युलेशन’, म्हणजे निरुपद्रवी स्फुरण म्हणतात. एखादा चेतातंतू आज्ञेवाचून संदेश सोडतो आणि त्याच्या ताब्यातले स्नायूतंतू आकसतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा १२१ रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवले होते. त्यांच्यापैकी एकालाही तो भयंकर आजार झाला नाही, असे त्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही ही भीती ग्रासते म्हणे. रोगाचे नाव आधीच ठाऊक असणे हेही एक दुखणेच!

निदानाने फडफड थांबली नाही. वसतिगृहात सायंकाळी डोळे मिटून श्वासाकडे पाहायला शिकलो होतो. तो अभ्यास येथे कामी आला असे लिहिले तर वाचकांना आवडेल. परंतु प्रारंभी उलटेच घडले. शरीर निश्चल होताच प्रत्येक स्फुरण ढोलासारखे जाणवू लागे. पुष्कळ महिन्यांनंतर ते उठते, विरते आणि मी मोजत नाही, असे होऊ लागले. झोप पुरी झाली, चहा कमी झाला की प्रमाण घटते. पूर्ण थांबलेले मात्र नाही.

परवा पाळीवरचा एक तरुण सहकारी हळूच म्हणाला, “दादा, माझी मांडी उडते, काही वाईट तर नाही ना?” हातातून वस्तू निसटते का, पायातली चप्पल घसरते का, बोलताना जीभ जड होते का, हे मी विचारले, यांतले काही असेल तर एक दिवसही थांबू नये. त्याला तसे काही नव्हते. तरीही एकदा नीट तपासून घे म्हणालो आणि धंतोलीचा पत्ता लिहून दिला.