आलं का हो परत?

आमच्या पिढीला वाचनालयात हवं ते पुस्तक चटकन मिळालं, असं फारसं झालंच नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'साठी नंबर लावायचा आणि रोज संध्याकाळी काउंटरवर विचारायचं, "आलं का हो परत?" आलेलं नसायचंच. मग जे समोर असेल ते घेऊन घरी यायचं. अशी नाइलाजाने आणलेली कितीतरी पुस्तकं पुढे जन्मभर पुरली.

आता 'उषःकाल' मध्यरात्रीही फोनवर उतरवून घेता येते. वर्गणी नाही, अनामत नाही, दंड नाही. लेखक गेल्यावर ६० वर्षं लोटली की त्याने हयातीत छापलेलं लेखन आपल्याकडे सगळ्यांचं होतं. १९५० साली गेलेल्या साने गुरुजींची पुस्तकं २०११पासून अशी मोकळी झाली. ज्या गावात वाचनालयच नव्हतं, तिथल्या मुलाला हे तेव्हा मिळायला हवं होतं.

डोळे अधू झालेल्या आजीचे तर फारच हाल. कुणाला सवड झाली तरच तिच्या कानावर चार पानं पडायची. दुपारची भांडी आवरली की आमच्यापैकी कुणीतरी 'स्मृतिचित्रे' घेऊन बसायचं. लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं आलं की आजी हात वर करून थांबवायची आणि स्वतःच्या सासरचं सांगू लागायची. पुस्तक मांडीवर उघडंच राहायचं.

लिब्रिवॉक्सवर २००५पासून जगभरचे स्वयंसेवक जुनी पुस्तकं प्रकरणं वाटून घेऊन वाचतात, आणि कुणीही ती फुकट ऐकावीत. ज्याला दिसत नाही त्याला आता कुणाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही, याचं मोल फार मोठं आहे. ध्वनिफीत आपणही थांबवू शकतो. पण थांबवून बोलायचं कुणाशी?

वाचनालयाच्या पुस्तकात आपल्या आधीचा वाचक भेटायचा. समासात पेन्सिलीने 'खोटं!' लिहिलेलं असायचं, शेवटच्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के असायचे. रहस्यकथेचं शेवटचं पान फाडून नेणाराही त्यांच्यातलाच, त्याला मात्र माफी नाही.

इंटरनेट आर्काइव्हवरच्या स्कॅनमध्ये हे शिक्के अजून दिसतात. मराठी विकिस्रोतावर तर एका बाजूला जुन्या पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने टिपलेला मजकूर असतो, रफार-वेलांट्या हमखास चुकलेल्या. एकाने पान तपासलं की ते पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा पडताळलं की हिरवं. कितीतरी पुस्तकांची पानं अजून कुणी तपासलेलीच नाहीत. ज्यांनी एकेका पुस्तकासाठी महिना महिना वाट पाहिली, त्या आमच्या पिढीने आता त्या कामाला बसायला हवं.