श्री. टेस्ट टेस्ट

नाव टेस्ट, आडनावही टेस्ट. वडिलांच्या नावाची चौकट भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसेल, तर तेही टेस्ट. जन्मतारीख १ जानेवारी १९९०. राहणार एबीसी अपार्टमेंट, एक्सवायझेड रोड, पुणे ४११००१. मोबाइल म्हणजे ओळीने दहा नऊ. पगार महिना पन्नास हजार. लग्न झालंय की नाही, हे यादीत पहिला पर्याय कोणता आहे त्यावर ठरतं; स्त्री की पुरुष, तेही तसंच.

बँकेचा, विम्याचा, क्लासचा कुठलाही ऑनलाइन अर्ज तुम्ही भरायला बसता तेव्हा तुमचा नंबर पहिला नसतो. टेस्टराव आधीच येऊन गेलेले असतात. त्यांनी कर्ज मागितलेलं असतं, ते नाकारलेलं असतं, त्यांनी पुन्हा मागितलेलं असतं. विमा कंपन्यांत तर ते अनेकदा वारलेही आहेत, कारण मृत्यूचा दावा वारसापर्यंत नीट पोचतो की नाही हे बघायला कोणीतरी मरावं लागतं. वारसाचं नाव अर्थातच टेस्ट.

त्यांची गरज का पडते, ते एखाद्या पतसंस्थेच्या कर्जविभागात कळतं. पूर्वी अर्ज टेबलावरून टेबलावर फिरायचा. कारकुनाची चूक झाली तर एक फाईल बिघडायची, आणि पुढच्या टेबलावरचे काका चष्मा वर करून ती परत पाठवायचे. आता अर्ज आला की केवायसी आपोआप तपासलं जातं, सिबिलचा स्कोअर मागवला जातो, लाखापर्यंतची रक्कम असेल तर प्रणालीच मंजुरी देते, त्यावरची शाखाधिकाऱ्याकडे जाते, त्यांनी दोन दिवसांत हात लावला नाही तर मुख्य कार्यालयाकडे. मग एसएमएस, मग खात्यात पैसे. चष्मा वर करणारे काका आता मधे नाहीत. नियम चुकला असेल तर सकाळच्या चहापर्यंत तो शंभर अर्जांना सारखाच लागू झालेला असतो. म्हणून खऱ्या माणसांना आत घेण्याआधी टेस्टरावांना पाठवायचं.

कामात ते चिवट आहेत. लाखाचा नियम आहे ना, मग ते आधी ९९,९९९ मागतात, नंतर १,००,०००, मग १,००,००१. संचालक मंडळाच्या ठरावात 'एक लाखापर्यंत' असं असतं आणि प्रोग्रॅमरने 'एक लाखापेक्षा कमी' असं लिहिलेलं असतं. हा फरक फक्त मधल्या आकड्यावर उभं राहिलं तरच दिसतो, आणि लोक नेमके गोल आकडेच मागतात. ते पगार शून्य सांगतात, उणे सांगतात, पगाराच्या जागी 'हो' लिहितात. आज मध्यरात्री अठरा पूर्ण होणार असतील तर रात्री ११:५९ ला अर्ज करतात. २९ फेब्रुवारीला जन्मतात. 'सबमिट'चं बटण दोनदा दाबतात, कारण नेट मंद असलं की सगळेच दोनदा दाबतात, आणि मग पाहतात की कर्ज एक झालं की दोन. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करायची नाही, हा बँकांचा मेकर-चेकरचा नियम. टेस्टराव दोन्ही खुर्च्यांवर आपणच बसून बघतात. मंजुरी देणारा साहेब रजेवर असतो, रजेवर असताना त्याची बदली होते, आणि त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नसतं. अर्ज कुठे जातो? बऱ्याचदा कुठेच जात नाही. तिथेच पडून राहतो आणि यादीत 'प्रक्रियेत आहे' असं लिहून येतं.

त्यांची कागदपत्रंही बघण्यासारखी. खिशात क्रेडिट कार्ड आहे, त्यावर चार आणि त्यापुढे पंधरा वेळा एक. गंमत म्हणजे हा नंबर वेडावाकडा नाही. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केलेली बेरजेची युक्ती आजही कार्डांना लागते: उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा (दोन आकडी झाला तर त्याचे आकडे मिळवायचे) आणि सगळ्यांची बेरीज दहाने भागली गेली पाहिजे. टेस्टरावांच्या कार्डाची बेरीज तीस येते. म्हणजे नंबर शास्त्रशुद्ध, फक्त मागे पैसे नाहीत. रेझरपेसारख्या कंपन्यांनी चाचणीसाठी यूपीआयचे दोन पत्तेच ठेवलेत. एकावर पैसे हटकून जातात, दुसऱ्यावर हटकून फसतात. दुसरा पत्ता जास्त उपयोगाचा. खरी धांदल उडते ती खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचली नाही तेव्हा.

पॅन कार्डाच्या बाबतीत मात्र टेस्टराव कच्चे. त्यांचा नेहमीचा पॅन म्हणजे एबीसीडीई१२३४एफ. पॅनमधलं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, व्यक्तीला 'पी', कंपनीला 'सी'. इथे चौथं आहे 'डी', आणि या 'डी'चा धारक कोणी नाही. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं असतं. टेस्टचं 'टी' हवं, तर 'ई'. एवढं असूनही हा पॅन एखाद्या प्रणालीने मुकाट्याने घेतला, तर समजावं की तिथे फक्त अक्षरं मोजली जातात.

आता त्यांच्या खऱ्या दोषाकडे येऊ. टेस्टराव अतिशय सज्जन आहेत. ज्या प्रोग्रॅमरने नियम लिहिला, बहुतेक वेळा त्यानेच त्यांनाही घडवलेलं असतं, त्यामुळे ते त्याच्या अपेक्षेबाहेर वागत नाहीत. प्रोग्रॅमरला जे सुचलं नाही, ते त्यांनाही सुचत नाही. सिबिलची खरी सेवा चाचणीत वापरायची नसते, म्हणून तिच्या जागी एक डमी उभा करतात. विचारलं की तो ७५० सांगतो. कधीही, कोणालाही. प्रत्यक्षात स्कोअर ३०० ते ९०० असतो हे सगळ्यांना पाठ. पण ज्याने आयुष्यात कधी कर्जच घेतलं नाही, त्याच्यासाठी उत्तर येतं उणे एक. नियम असतो '६५० च्या खाली नामंजूर'. उणे एक ६५० च्या खालीच की! पतसंस्था जिच्यासाठी काढली ती पहिल्यांदा दारात आलेली भाजीवाली बाई अशी पहिल्याच फटक्यात बाहेर. आणि चाचणीच्या अहवालात सगळं हिरवंगार.

मोठ्या चाचणीसाठी टेस्टरावांचे दहा हजार भाऊ लागतात. ते यंत्रच जन्माला घालतं. नावं यादीतून उचलतं, जन्मतारखा वर्षभरात बियाणं पेरल्यासारख्या पसरवतं. दिसायला खरे वाटतात. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाखेतली जुनी खाती उघडून बघा, साठीच्या आसपासच्या लोकांच्या जन्मतारखांत एक दिवस ठिकठिकाणी भेटेल: १ जून. घरी तिथी माहीत, नाहीतर पुराचं वर्ष माहीत. तारीख कोणी लिहून ठेवली होती? शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय बसायला हवं, गुरुजींनी १ जून टाकून दिली. गावंच्या गावं एका दिवशी जन्माला आली. आता प्रणालीत नियम टाकलाय की नाव आणि जन्मतारीख जुळली तर माणूस एकच, खाती जोडा. दहा हजार भावांवर हा नियम एकदाही चुकत नाही. आणि लाइव्ह गेल्यावर एकाच तालुक्यातले दोन सुनील पाटील, जन्म १ जून १९६२, एक दूधवाले आणि एक निवृत्त कंडक्टर, एका खात्यात येऊन बसतात. एकाचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसतं. ही चूक संगणकाने केली म्हणायला जीभ धजत नाही. शाखेतल्या कारकुनाला विचारलं असतं तर त्याने हसत हसत सांगितलं असतं.

नावांचंही तेच. सातबाऱ्यावर ज्ञानेश्वर देवनागरीत, आधारवर इंग्रजीत 'डी'पासून, पासबुकावर 'जी'पासून. बायकांची कागदपत्रं अर्धी माहेरच्या नावाची, अर्धी सासरच्या. मोबाइल घरात एकच आणि तो नेमका मुलाकडे, मुलगा हिंजवडीत शिफ्टवर; ओटीपी त्याला जातो, तो वाचेपर्यंत वेळ संपते. टेस्टरावांचा मोबाइल कायम हातात असतो. त्यांना मुलगा नाही.

मग कोणीतरी शहाणा सुचवतो, खोट्या माणसांचा खटाटोप कशाला, खऱ्या ग्राहकांचाच डेटा चाचणीला वापरू. इथे माझं मत ठाम आहे: नको. चाचणीच्या संगणकाला कुलपं कमी असतात, तिथे बाहेरची मंडळीही येऊन जाऊन असतात. लोकांनी माहिती कर्जासाठी दिली, तुमच्या सरावासाठी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. खऱ्या डेटाचा घाट घ्यावा, माणसं घेऊ नयेत. शंभरात किती जणांची तारीख १ जून, किती जणांना स्कोअर नाही, किती नावं चार शब्दांची, एवढं मोजलं तर तेवढ्या प्रमाणात तेवढे वेडेवाकडे टेस्टराव घडवता येतात.

आणि ते कितीही चांगले असले तरी एकटेदुकटे येतात, हेही आहेच. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाची चाचणी १६ जानेवारी २०१८ पासून सुरू होती. १ फेब्रुवारीला ते सक्तीचं झालं, देशभरातले व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाले एकदम पोर्टलवर आले, पोर्टलने मान टाकली आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. आंतरराज्य वाहतुकीसाठी ती लागू झाली १ एप्रिलला. सराव झाला होता. गर्दीचा झाला नव्हता.

टेस्टराव कधी कधी कुंपण ओलांडून बाहेरही पडतात. १७ जून २०२१ ला अमेरिकेत एचबीओ मॅक्सच्या ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १' अशी मेल गेली. शेवटी कंपनीने जाहीर सांगितलं, हो, इंटर्नकडूनच झालं. तिथे निदान हसण्यावारी गेलं. आपल्याकडे टेस्टरावांचा नेहमीचा ईमेल असतो टेस्ट ॲट टेस्ट डॉट कॉम, आणि टेस्ट डॉट कॉम हे खरंखुरं नोंदवलेलं डोमेन आहे. तुमच्या चाचणीच्या मेल खऱ्याच दारावर जाऊन थडकतात. यासाठी एक्झाम्पल डॉट कॉम १९९९ पासून मुद्दाम राखून ठेवलंय. वापरणारे थोडे. दहा नवांचा मोबाइल क्रमांकही कोणाचा तरी असू शकतो. त्या माणसाला किती कर्जं मंजूर झाल्याचे निरोप गेले असतील!

त्यांना निवृत्त करणंही सोपं नाही. लाइव्ह गेल्यावर शेवटची खात्री म्हणून कोणीतरी खऱ्या प्रणालीत टेस्टच्या नावे शंभर रुपयांचं कर्ज काढतं आणि ते खातं बंद करायचं राहून जातं. तीन महिन्यांनी वसुलीची प्रक्रिया, तीही आपोआप चालणारी, एबीसी अपार्टमेंटला नोटीस पाठवते. ऑडिटर विचारतो, हे टेस्ट कोण? मग अहवालात अट घालतात, इंग्रजीत 'टेस्ट' ही चार अक्षरं ज्या नावात असतील ते खातं वगळा. झालं, 'लेटेस्ट फॅशन्स' नावाचं कापडाचं दुकान अहवालातून गायब.

एवढं सगळं असूनही या गृहस्थांना वेळ मिळतो फारच थोडा. लाइव्हची तारीख आधी जाहीर होते, शक्यतो १ एप्रिल किंवा पाडवा. नियम ठरवण्यात, ते बदलण्यात आणि पुन्हा ठरवण्यात महिने जातात. उरतात ते चार दिवस चाचणीचे. त्यात सरळ वाटेवरचे अर्ज पास झाले की साइन-ऑफच्या कागदावर सही होते, आणि सही करणाऱ्याने एकही अर्ज स्वतः भरून पाहिलेला नसतो.

तुमच्या संस्थेत अशी प्रणाली येणार असेल तर सहीआधी दोन गोष्टी करा. काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला चाचणीला बसवा आणि त्याला सांगा, तुला आजवर भेटलेली सगळ्यात अडचणीची गिऱ्हाईकं आठव आणि त्यांचे अर्ज नावं बदलून भर. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, तुमच्या डमी डेटात १ जूनवाले किती, उणे एकवाले किती? 'सर, सगळं टेस्ट झालंय' एवढंच उत्तर आलं, तर पाडवा जाऊ द्या. अक्षय तृतीयाही चांगलाच मुहूर्त आहे.