खोपोलीला थांबलो म्हणून

मुंबई-पुणे हा प्रवास आम्ही आयुष्यात अनेकदा केला. कधी पॅसेंजरच्या डब्यात उभ्याने, कधी एस.टी.च्या मागच्या बाकावर. पण दोनच माणसे बसतील अशा स्पोर्ट्स कारमधून तो रस्ता पाहण्याचा योग २०१९ च्या जानेवारीत आला. गाडी अर्थातच आमची नव्हती. आमचे धाकटे बंधू एका शेठजींकडे ड्रायव्हर होते. शेठजींची गाडी दुपारी चारच्या आत पुण्यात एका लग्नाला पोचवायची होती. आम्हाला पुण्यात बहिणीकडे जायचेच होते. शेठजींना विचारून बंधू म्हणाले, "दादा, चला सोबतीला."

चेंबूरहून निघालो. गाडी इतकी बुटकी, की वाशीच्या खाडीपुलावर शेजारच्या ट्रकची चाके आमच्या डोक्याएवढी दिसत होती. पनवेल मागे पडले आणि काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा लागला. त्यावर इंजिनाचे चित्र होते.

आम्ही तीस वर्षे कारखान्यात फिटर होतो. यंत्र उगाच तक्रार करीत नाही, एवढे आम्हाला ठाऊक. बंधूंनी गाडी पंपावर घेतली. पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी हा दिवा लागू शकतो, म्हणून आधी ते पाहिले. झाकण घट्ट होते. तेल-पाणीही ठीक होते. मग शेठजींना फोन केला. उत्तर आले, "तो दिवा नेहमीच लागतो. चिकटपट्टी लाव त्याच्यावर. चारला गाडी दिसली नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

बंधू गप्प झाले. दोन मुली कॉलेजात, खोलीचे भाडे डोक्यावर. गाडीच्या खणात काळी चिकटपट्टी खरोखरच ठेवलेली होती!

दिवा स्थिर होता, म्हणून बेताने चालवत द्रुतगती मार्गाला लागलो. खालापूर जवळ आले तसा बोरघाटाचा डोंगर भिंतीसारखा समोर उभा राहिला. तेवढ्यात गाडी धक्के देऊ लागली आणि तो दिवा उघडझाप करू लागला.

बंधू म्हणाले, "दादा, एवढा घाट चढू, लोणावळ्याला बघू."

आम्ही म्हणालो, "बाबा रे, घाटात बंद पडली तर मागून येणारा कंटेनर शेठजींना चिरडणार नाही, आपल्याला चिरडेल. आणि इंजिन गेले तर तुझ्याच नावावर फाडतील."

त्यांनी काही उत्तर दिले नाही. खोपोलीचा रस्ता आला तेव्हा मात्र गाडी तिकडे वळवली.

खोपोली हे घाटाच्या पायथ्याचे गाव. डोंगरावरून मोठमोठे नळ खाली उतरतात. त्यांच्या पाण्यावर येथे १९१५ पासून वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. वर जाणारा जुना घाटरस्ता १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला. त्याच्याच कडेला एका गॅरेजात आम्ही थांबलो.

मेस्त्रींनी स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडले आणि त्यावरचा आकडा वाचला. म्हणाले, "एका सिलिंडरचे कॉइल गेले आहे. ठिणगी पडत नाही. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो तापून लाल होतो. घाट चढवला असता तर तो वितळला असता. आगसुद्धा लागू शकते." तसल्या परदेशी गाडीचे कॉइल खोपोलीत कुठून मिळणार? गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नेण्यावाचून इलाज नव्हता. मेस्त्रींनी बिघाड कागदावर लिहून दिला. बंधूंनी त्याचा फोटो शेठजींना पाठवला. शेठजी फोनवर ओरडले आणि फोन बंद केला.

वाट पाहताना चहा झाला. मेस्त्रींनी घाटातल्या शिंगरोबाची गोष्ट सांगितली. त्या धनगराने इंग्रजांना डोंगरातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असे लोक सांगतात. जाता-येता ड्रायव्हर त्याच्या देवळापुढे नाणे टाकतात. बंधू उदास हसून म्हणाले, "आमचेही तेच होणार, दादा."

आम्ही त्यांना रेल्वेची आठवण दिली. याच घाटात उतरणाऱ्या आगगाड्यांना थांबून ब्रेक तपासावे लागतात. गाडी आवरली नाही, तर तिला वळवायला चढाची वेगळी लाईन ठेवलेली असते. त्या थांब्याला कोणी कामचुकारपणा म्हणत नाही.

पुढचे आठ दिवस बंधूंना बोलावणे आले नाही. नवव्या दिवशी आले. मोठ्या गॅरेजनेही मेस्त्रींसारखेच सांगितले होते. आठ दिवसांचा पगार गेला, पण इंजिन जाळल्याचा ठपका आला नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण दुसऱ्याची टॅक्सी, टेम्पो, शाळेची बस चालवतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर बेताने चालवून लवकर दाखवावी. दिवा उघडझाप करीत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे. तेलाच्या बुधल्याचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. मालकाला फोनवर सांगितले, तरी मेस्त्रीकडून लेखी कागद घ्यावा.

गाडी मालकाची असली, तरी जीव चालवणाऱ्याचा असतो आणि घरी त्याची वाट पाहणारी माणसे असतात. बंधू त्या रात्री उशिरा का होईना, धडधाकट घरी पोचले. मुली दारातच उभ्या होत्या.