धागा : महाराष्ट्राशी नाते सांगणारे पाच अल्बम, विठ्ठलवाडीच्या एका श्रोत्याची क्रमवारी

१/ जुन्या पॉप-रॉक अल्बमांच्या याद्या बहुधा लंडन आणि अमेरिकेतच फिरतात. विठ्ठलवाडीतील एका श्रोत्याने आपली यादी करताना एकच अट घातली : अल्बमाचा धागा महाराष्ट्राशी जुळलेला हवा.

२/ पाचवा : ‘रॉक ॲन रोल रेनेगेड’ (१९८८). मुंबईचा रॉक मशीन हा बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. श्रोते परदेशी गाण्यांचीच फर्माईश करीत, त्या काळात या तरुणांनी स्वतःची गाणी अल्बमात आणली. त्या धाडसासाठी हे स्थान.

३/ चौथा : क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५). फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच. अल्बम श्रेष्ठ, नाते मात्र बालपणापुरते, म्हणून चौथा.

४/ तिसरा : ‘सिमला बीट ७०’. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या अखिल भारतीय स्पर्धेतील बँडांची ही तबकडी. वादन कुठे कच्चे, कुठे अनुकरणाचे. पण १९७० च्या भारतीय तरुणाईचा आवाज इतका थेट क्वचितच ऐकू येतो.

५/ दुसरा : जॉर्ज हॅरिसनचा ‘वंडरवॉल म्युझिक’ (१९६८). बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम. त्याचा मोठा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि शंभू दास यांची सतार त्यात आहे. स्टिरिओ मुद्रणाचे यंत्र त्यासाठी कलकत्त्याहून आणावे लागले. याच मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीतही तयार झाले. विठ्ठलवाडीहून लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत जावे, तेथून ही जागा चालण्याच्या अंतरावर आहे.

६/ पहिला : चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ (१९८२). हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या मुंबईकर कलावंताने रोलँडची तीन नवी यंत्रे जोडली आणि यमन, मालकंस असे दहा राग यंत्राच्या ठेक्यावर बसवले. अल्बम फारसा खपला नाही, विस्मरणात गेला.

७/ पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या ‘फ्युचर’ने त्याच टीबी-३०३ यंत्रातून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढले आणि ॲसिड हाउस ही शैली गाजली. शिकागोपर्यंत सिंगांचा सूर पोहोचला होता असे कुणी सिद्ध केलेले नाही. दोघांनी एकाच यंत्रात स्वतंत्रपणे वाट शोधली, एवढे म्हणता येते.

८/ २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका प्रकाशनाने हा अल्बम पुन्हा काढला, तेव्हा जगाचे कान टवकारले. सिंग २०१५ मध्ये निवर्तले. कौतुक त्यांच्या वाट्याला आले, पण उतारवयात आणि परक्या देशातून.

९/ या क्रमवारीचे मर्म इथेच आहे. आयत्या याद्या पाठ करणाऱ्याला आपल्या शहराचा इतिहास दुसऱ्याने सांगेपर्यंत थांबावे लागते. घरात जुनी तबकडी असेल, तर तिचे वेष्टन उलटून पाहावे. वादकांची नावे, स्टुडिओ आणि वर्ष टिपून ठेवावे.