अण्णांच्या मोटारीचें लक्षण

चौतीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या अवधींत विशेषणांची उधळपट्टी करणाऱ्या कितीतरी निबंधांवर मीं तांबड्या शाईची रेघ ओढली असेल. परंतु निवृत्तीनंतर माझ्याच लेखनावर कोणी तशी रेघ ओढील, व तीहि आमच्या वहिनी ओढतील, असें कधीं मनांत आलें नव्हतें. निमित्त झालें एका जाहिरातीचें.

आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर अण्णा म्हणे, ते गेल्या वर्षीं निवर्तले. त्यांच्यामागें पडवींत त्यांची मोटार राहिली. एम्. जी. कंपनीची 'टी. सी.' नांवाची ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार सन १९४८ मध्यें इंग्लंडांत अबिंग्डन गांवीं तयार झाली. महायुद्ध संपलें त्या सन १९४५ मध्यें हा नमुना निघाला आणि सन १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या बाहेर पडल्या. लांब नाक, तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें, पाठीवर उघडी दिसणारी पेट्रोलची टाकी, आणि पत्र्याखालीं ॲश लांकडाचा सांगाडा, असें तिचें रूप. अण्णांनीं ती सन १९७२ मध्यें पुण्याच्या लष्कर भागांतील एका वृद्ध पारशी गृहस्थांकडून घेतली. रविवारीं सकाळीं तिचें इंजिन सुरू झालें कीं, मुलें हातांतला घांस टाकून अंगणांत धांवत.

अण्णांचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास असतात. मला गाडी चालवितां येत नाहीं. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उभी राहिलेली गाडी मरते. चालविणाऱ्याच्या हातीं जाऊं दे. दलालाकडे नको, तो किंमत करील, पण ओळख करून देणार नाहीं. जाहिरात तुम्हींच लिहा."

मीं लिहिली: 'चपळ, रक्तवर्ण, चित्ताकर्षक व दुर्मिळ स्पोर्ट्स मोटार, उत्तम स्थिति, जवळजवळ नवी, केवळ रविवारच्या सहलीस वापरलेली, रसिकांनीं त्वरा करावी.' वहिनींनीं कागद दोनदां वाचला व शांतपणें म्हणाल्या, "ह्यांत आपली गाडी मला कुठें दिसत नाहीं."

मी चरकलों. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत मीं तर्कसंग्रह घोकला होता. वस्तूचें लक्षण कसें करावें हें त्यांत गाईच्या दृष्टान्तानें शिकवितात. गाय म्हणजे शिंगें असलेला पशु म्हटलें तर म्हैसहि गाय ठरते, ही अतिव्याप्ति. कपिल वर्णाचा पशु म्हटलें तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. एका खुराचा पशु म्हटलें तर जगांत गायच उरत नाहीं, हा असंभव. गळ्याखालीं लोंबणारी पोळी, जिला शास्त्रकार सास्ना म्हणतात, ती सांगितली कीं गाय नेमकी हातीं लागते.

शास्त्र थोडें ताणून पाहिलें, तर माझ्या जाहिरातींत तिन्ही दोष होते. 'उत्तम स्थिति' हें तर विकाऊ असलेल्या प्रत्येक मोटारीला लागू पडतें. 'रविवारची सहल' ह्यांत अण्णांनीं तिच्यांतून दोनदां गांठलेलें गोवें येत नव्हतें. आणि पाऊणशें वर्षांची गाडी 'जवळजवळ नवी' कशी असेल? गिऱ्हाइकाला हवी असते सास्ना. मीं त्याला शिंगें दाखवीत होतों.

मग आम्ही नव्यानें बसलों. माझा धाकटा मुलगा विजेरी घेऊन गाडीखालीं शिरला व एकेक गोष्ट ओरडून सांगूं लागला. साटीचा क्रमांक सांपडला. ह्या गाड्यांचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण त्या कारखान्याच्या दूरध्वनीचा क्रमांक २५१ होता, ही अण्णांची आवडती गोष्ट आम्हांला सर्वांना पाठ. इंजिनावरची पट्टी पुसल्यावर मात्र मुलगा गप्प झाला. तीवर 'टी. डी.' अशीं अक्षरें होतीं. टी. डी. हा टी. सी.च्या मागून आलेला नमुना. इंजिन त्याच जातीचें, त्याच १२५० सी. सी.चें, पण ह्या गाडीबरोबर जन्मलेलें नव्हे. आणि अण्णा तर चाळीस वर्षें प्रत्येक पाहुण्याला सांगत आले होते कीं, गाडी इंजिनासकट अस्सल आहे!

माझ्या मनांत पाप आलें, हें मी कबूल करतों. "विचारलें तर सांगूं," मी म्हणालों. "सन १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणेंहि पाहून घेणें हें बहुतेक गिऱ्हाइकाचेंच काम." मुलगा म्हणाला, "बाबा, सन १८७२ च्या कराराच्या कायद्यांत ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम लपविणें ह्याला कपट म्हटलें आहे. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं सन २०२१ मध्यें केंद्राचे जे नियम झाले, त्यांत गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी असेंच म्हटलें आहे. घेणाऱ्याला ही गोष्ट लहान नाहीं." मला पैशाची फिकीर नव्हती. दिवंगत भावाचा शब्द त्याच्यामागें खोटा पाडावयाचा, तोहि छापून, हें माझ्यानें होईना.

वहिनी उठून आंत गेल्या व गाडीचें नोंदणीचें पुस्तक घेऊन आल्या. त्यांत सन १९८१ ची नोंद होती: इंजिन बदललें, नवा क्रमांक अमुक. "त्या उन्हाळ्यांत घाटांत पाणी आटून ब्लॉकला तडा गेला," त्या म्हणाल्या. "दुसरें इंजिन मिळालें, तेव्हां माझ्या दोन पाटल्या मोडल्या. ह्यांनीं सरकारदरबारीं लगेच नोंद केली. दिवाणखान्यांत मात्र कधीं झाली नाहीं. इंजिनाची गोष्ट काढली असती, तर पाटल्यांचीहि निघाली असती. तेव्हां सासूबाई होत्या." थोडें थांबून त्या म्हणाल्या, "आतां मला कोणाची चोरी नाहीं. लिहा, भाऊजी."

मीं लिहिलें तें असें: 'एम्. जी. टी. सी., सन १९४८, सन १९७२ पासून एकाच घरांत. इंजिन मूळचें नव्हे, टी. डी. नमुन्याचें, सन १९८१ मध्यें बसविलेलें, पुस्तकांत नोंद आहे. डाव्या दाराचा लांकडी खांब कुजला आहे. छत फाटलें आहे. इंजिन सुरू होतें. दुरुस्तीच्या सर्व पावत्या पाहावयास मिळतील. विकण्याचें कारण: मालक निवर्तले, घरांत चालविणारा नाहीं.' खालीं किंमत आंकड्यांत घातली. 'किंमत समक्ष भेटींत' असें लिहिणें म्हणजे आधीं तुमचा खिसा दाखवा असें म्हणण्यासारखें आहे. मनांत धरलेल्या रकमेचा आठवा हिस्सा इंजिनापायीं आम्हींच उतरविला. छायाचित्रें सकाळच्या कोंवळ्या उन्हांत घेतलीं. त्यांत कुजलेल्या खांबाचें व इंजिनावरच्या पट्टीचेंहि होतें. घराचा पुरा पत्ता तेवढा छापला नाहीं.

'शेवटची किंमत काय?' एवढेंच विचारणारे पुष्कळ निघाले. एका गृहस्थानें मात्र कुजलेला खांब नेमका किती उंचीवर आहे, असें विचारलें. ते कोल्हापूरचे डॉक्टर. आले ते अंगावर जुना सदरा चढवून तासभर गाडीखालीं पडून राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "आजवर सहा गाड्या पाहिल्या. जाहिरातींतलीच गाडी दारांत भेटली, ती ही पहिली." त्यांनीं घासाघीस केली नाहीं. रक्कम खात्यांत जमा झाल्यावर आम्हीं २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवर सह्या केल्या, आणि विक्रीची खबर कायद्यांतील चौदा दिवसांची मुदत न लांबवितां परिवहन कार्यालयास दिली. गाडी वळणापलीकडे गेली, तेव्हां वहिनी दारांत नव्हत्या.

मनुस्मृतींत क्रयविक्रयानुशय म्हणून व्यवहाराचें एक प्रकरण आहे. घेतल्याचा किंवा विकल्याचा पश्चात्ताप झाला, तर दहा दिवसांच्या आंत वस्तु परत देतां किंवा घेतां येते, असें तेथें सांगितलें आहे. मीं तें वहिनींस सहज बोलून दाखविलें होतें. दहाव्या दिवशीं सकाळीं कोल्हापुराहून दूरध्वनि आला, तेव्हां आम्हीं दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें. डॉक्टर विचारीत होते, "थंडींत गाडी लवकर सुरू होत नाहीं. अण्णासाहेब काय करीत असत?"

मला सांगतां येईना. वहिनींनीं माझ्या हातून फोन घेतला, पदर सावरला व म्हणाल्या, "चोक पुरता ओढा. पण आधीं मिनिटभर काहीं करूं नका, नुसते बसून राहा. हे तसेंच करीत."